अनोळखी महानगरात एकच दिवस: फिरण्याची आखणी कशी करावी?

नवखा_प्रवासी
कामानिमित्त यंदा वेगवेगळ्या महानगरांत जाणं होणार आहे आणि प्रत्येक ठिकाणी एखादाच दिवस मोकळा मिळेल. सकाळी आठ ते रात्री नऊ एवढा वेळ धरला आहे. यादी करायला घेतली की आठ-नऊ ठिकाणं सहज होतात, आणि तीही शहरभर विखुरलेली. टॅक्सीने सगळी उरकायची नाहीत. मेट्रोने आणि पायी फिरून शहर समजून घ्यायचं आहे. काय ठेवावं, काय गाळावं? पायी किती अंतर धरावं? मेट्रोत नवख्याची फसगत कुठे होते? कुठल्याही शहरात लागू पडेल अशी पद्धत हवी आहे.

पायपीट
आधी यादीतल्या सगळ्या ठिकाणांच्या खुणा नकाशावर करा. बहुतेक वेळा दोन-तीन पुंजके दिसतात आणि बाकीची ठिकाणं एकटीदुकटी लांब पडलेली असतात. दोन पुंजके घ्या. एकटी ठिकाणं गाळा, कितीही प्रसिद्ध असली तरी. लांबच्या ठिकाणी मेट्रो पाऊण तासात पोचवते असं दिसलं, तरी जिने, गाडीची वाट, गाडी बदलणं आणि बाहेर पडून चालणं धरलं की एका बाजूचा सव्वा तास होतो. जाऊन-येऊन अडीच तास गेले, आणि त्यातला बराचसा वेळ जमिनीखाली.

सपाट मोकळ्या रस्त्यावर माणूस तासाला साडेचार-पाच किलोमीटर चालतो. सिग्नल, गर्दी आणि थांबून बघणं आलं की तोच वेग तीनवर येतो. अ‍ॅपमधला वेळ न रेंगाळता चालण्याचा असतो, म्हणून त्याला दीडने गुणा. एरवी फारसं चालणं नसेल तर दिवसाला दहा-बारा किलोमीटर पुरे, आणि संग्रहालयातलं चालणंही त्यातच मोजा. तिथे दोन तासांत दोन किलोमीटर सहज होतात, शिवाय दोन पावलं टाकून उभं राहण्याने पाय जास्त भरून येतात. म्हणून मोठं संग्रहालय एकच, आणि तेही सकाळी उघडल्या उघडल्या. साप्ताहिक सुट्टी आधी बघून ठेवा: बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पण पॅरिसचं लूव्र मंगळवारी. बंद होण्याच्या वेळेइतकीच शेवटच्या प्रवेशाची वेळही बघा. ती अनेकदा अर्धा ते एक तास आधी असते.

एका पुंजक्यातून दुसऱ्यात जाताना एखादं स्थानक आधी उतरून उरलेलं अंतर चाला. शाळा, दुकानं, लोकांची रोजची ये-जा या मधल्या पट्ट्यातच दिसते. शहर समजून घ्यायचं असेल तर दिवसातला हा भाग कापू नका.

रुळांवरून
वरचं पटलं, एक दुरुस्ती. स्थानक आधी उतरण्यापूर्वी मधला पट्टा उपग्रहचित्रात बघा. मध्ये रेल्वेचं यार्ड, द्रुतगती मार्ग किंवा पूल नसलेली नदी असेल तर एक किलोमीटरचे तीन होतात.

मेट्रोचा नकाशा अंतर मोजायला वापरू नका. हॅरी बेक या आरेखकाने लंडनच्या मेट्रोसाठी काढलेला आणि १९३३ मध्ये छापलेला नकाशा बहुतेक शहरांनी पुढे नमुना म्हणून घेतला. त्यात रेषा सरळ केलेल्या, मध्यवर्ती भाग फुगवलेला आणि उपनगरं आवळलेली असतात. लंडनची लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्थानकं जेमतेम २६० मीटरवर आहेत. खाली उतरून गाडी पकडण्याआधी चालत पोचाल. उलट नकाशाच्या कडेला जवळजवळ दिसणारी दोन स्थानकं काही किलोमीटर लांब असू शकतात.

फसगतीच्या नेहमीच्या जागा अशा:

फलाटावर दिशा बहुधा शेवटच्या स्थानकाच्या नावाने लिहिलेली असते. म्हणून आपलं स्थानक आणि त्या दिशेचं टोक, दोन्ही नावं टिपून ठेवा. न्यूयॉर्कमध्ये काही प्रवेशद्वारांतून एकाच दिशेच्या फलाटावर जाता येतं, एक्सप्रेस गाड्या मधली स्थानकं गाळतात, आणि ‘२३ स्ट्रीट’ नावाची स्थानकं वेगवेगळ्या मार्गांवर पाच आहेत. तिथे मार्गाचं अक्षर किंवा आकडा नावाइतकाच महत्त्वाचा.

अंतरावर भाडं असेल तिथे आत जाताना आणि बाहेर पडताना एकच कार्ड टेकवा. आत कार्ड आणि बाहेर फोन असं केलंत तर, दोन्ही एकाच खात्याचे असले तरी, यंत्रणेला ते दोन अर्धवट प्रवास वाटतात आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं लागू शकतं.

बाहेर पडण्याच्या दाराचा क्रमांक आधीच बघा. टोकियोच्या शिंजुकू स्थानकाला दोनशेहून अधिक दारं आहेत. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर वळसा घालण्यातच पंधरा-वीस मिनिटं जातात.

दिशादर्शक
स्थानकातून वर आल्यावर फोनमधल्या निळ्या ठिपक्यावर लगेच विश्वास ठेवू नका. उंच इमारतींच्या भिंतींवरून उपग्रहाचे संकेत परावर्तित होऊन येतात, त्यामुळे ठिपका शेजारच्या रस्त्यावरही सरकतो. बाण तर अनेकदा भलतीकडेच वळलेला असतो. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, किंवा सरळ रस्त्याच्या नावाची पाटी आणि घर क्रमांक बघून पन्नास पावलं चाला. क्रमांक वाढतात की उतरतात त्यावरून दिशा पक्की कळते.

पत्त्यांची रीत शहरागणिक बदलते. ती आदल्या रात्री दहा मिनिटं वाचली तर दिवसभर उपयोगी पडते. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या १८११ च्या आराखड्यात उत्तर-दक्षिण दिशेने साधारण वीस स्ट्रीट म्हणजे एक मैल, म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत ऐंशी मीटर, चालत मिनिटभर. पूर्व-पश्चिम दिशेने चौकांमधलं अंतर मात्र बरंच जास्त. पॅरिसमध्ये नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यांचे क्रमांक सेन नदीकडून सुरू होतात, त्यामुळे लहान आकडा म्हणजे नदी जवळ. जपानमध्ये बहुतेक ठिकाणी पत्ता रस्त्यावर नसून भाग आणि ब्लॉकच्या (रस्त्यांनी वेढलेल्या इमारतींच्या गटाच्या) क्रमांकावर चालतो, म्हणून तिथे रस्त्याचं नाव शोधत बसू नका.

नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. स्थान कळायला इंटरनेट लागत नाही.

नवखा_प्रवासी
सगळ्यांचे आभार, यादी आताच निम्मी झाली. दोन शंका: पाऊस आला तर काय? आणि फोन दिवसभर टिकेल का?

पायपीट
पावसाचा अंदाज असेल तर संग्रहालय सकाळऐवजी पावसाच्या तासांत टाका, पण वेळ ठरलेलं तिकीट काढलं असेल तर ते बदलता येतं का हे आधी बघा. नकाशा, कॅमेरा आणि पडद्याचा उजेड सतत चालू असेल तर फोन दुपारीच मान टाकतो. १०,००० एमएएचची पॉवर बँक न्या. व्होल्टेज बदलताना थोडी वीज वाया जाते, म्हणून ५,००० एमएएचचा फोन दोनदा नाही, साधारण सव्वा वेळा भरेल. एका दिवसाला तेवढं पुरतं. मुक्कामाचा पत्ता स्थानिक लिपीत कागदावर लिहून खिशात ठेवा, आणि शेवटच्या गाडीची वेळ ज्या स्थानकावरून परतणार तिथली बघा.