कालातायुद हे नाव कुठून आले?

प्रश्न: माद्रिदहून बार्सिलोनाला रेल्वेने जाताना कालातायुद हे स्थानक लागले. नाव काही स्पॅनिश वाटले नाही. त्याचा उगम कोणता, आणि तिथे पोहोचणे सोपे आहे का?

उत्तर १: ते अरबी आहे. ‘कलअत अय्यूब’ म्हणजे अय्यूबचा किल्ला. आठव्या शतकातील एका अरब सुभेदाराशी परंपरा ते जोडते. आपला ‘किल्ला’ हा शब्दही फारसीमार्गे याच अरबी ‘कलआ’वरून आला, त्यामुळे मराठी कानाला हे नाव तसे परके वाटू नये. जवळच बिल्बिलिस या रोमन शहराचे अवशेष आहेत. लॅटिन कवी मार्शल तिथलाच.

उत्तर २: गाव आरागॉनमधील सारागोसा प्रांतात, एब्रोला मिळणाऱ्या हालोन नदीकाठी वसले आहे आणि हिलोका नदी तिथेच हालोनला येऊन मिळते. डोंगराळ मुलखात वाट नदीच्या खोऱ्यातूनच निघते, म्हणून जुना रस्ता, लोहमार्ग आणि आजचा ए-२ महामार्ग सगळे इथूनच जातात. अतिवेगवान रेल्वे २००३ पासून आहे. मात्र सगळ्याच गाड्या थांबत नाहीत, तिकीट काढताना थांबा पाहून घ्यावा.

उत्तर ३: उतरलात तर सांता मारिया चर्चचा अष्टकोनी विटांचा मनोरा चुकवू नका.