मैफलींचे पैसे तोडून स्टुडिओ उभारू नका

संवादिनी, फोंडा
परवा एका पणजीकर तरुणाने लिहिलेले टिपण वाचले. दोन ओळींत त्याला उत्तर देणे मला जमेना, म्हणून सविस्तर लिहिते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: राजधानीतल्या शास्त्रीय मैफलींना जेमतेम पाऊणशे माणसे जमतात आणि त्यांतली बहुतेक साठी ओलांडलेली असतात, इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 2004 साली गोव्यात आला, तरी कॅमेरा, संकलन आणि ध्वनिमुद्रण नीट शिकायचे तर इथली मुले अजून पुण्या-मुंबईची वाट धरतात, तेव्हा संगीत समारोहांचे अनुदान थांबवून तोच पैसा माध्यमकलांच्या शिक्षणाला द्यावा.

माध्यमकला शिकवाव्यात, याबद्दल माझे दुमत नाही. माझा आक्षेप ‘तोच पैसा’ या शब्दांना आहे. मी पंचवीस वर्षे हार्मोनियम शिकवते. गेल्या वर्षी चवथीच्या दिवसांत एका होतकरू मुलाने आमच्या वाड्यावरच्या घुमट आरतीचे ध्वनिमुद्रण केले. घुमट म्हणजे एका तोंडाला कातडे मढवलेले मातीचे वाद्य. मुलगा कष्टाळू होता आणि यंत्रे चांगली होती. त्याने घुमटाच्या कातड्यासमोर माईक लावला. नंतर आम्ही सगळे ऐकायला बसलो, तेव्हा थाप खणखणीत आली होती, पण घूम कुठेच नव्हता. घुमटाचा घूम मागच्या उघड्या तोंडातून निघतो. वाजवणारा डाव्या तळव्याने ते तोंड झाकतो, उघडतो, आणि त्यामुळेच आवाज फुगतो आणि बसतो. हे त्या मुलाला ठाऊक नव्हते, कारण तो आयुष्यात घुमटाशेजारी मांडी घालून कधी बसला नव्हता. 2019 साली आपण घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, पण त्याचा आवाज ओळखणारा कान त्या घोषणेने तयार झाला नाही. तो आरतीत, भजनात आणि मैफलीत बसूनच तयार होतो.

मी नऊ वर्षांची असताना वडिलांनी मला एका देवळातल्या बैठकीला नेले होते. गाण्यातले फारसे आठवत नाही. आठवतो तो गाण्याआधीचा अर्धा तास. बुवांनी तानपुरा आडवा घेऊन तारेखालचा दोरा केसभर पुढे सरकवला, मागे घेतला, पुन्हा पुढे सरकवला, आणि एका क्षणी खर्जाची तार अशी बोलू लागली की मंडपातली कुजबुज आपोआप थांबली. जवारी लागणे म्हणजे काय, हे मला तेव्हा कुणी समजावले नाही आणि नंतर समजावण्याची गरजही पडली नाही. ज्या शहरात हा अर्धा तास कुणी ऐकणारच नाही, त्या शहरातला ध्वनिमुद्रक नेमके काय टिपणार आहे?

ध्वनिमुद्रक, पर्वरी
बाई, ते टिपण माझे नाही, पण त्यातली अर्धी तक्रार माझी आहे, म्हणून उत्तर देतो. घुमटाचे तुम्ही लिहिलेत ते खरे आहे. मात्र त्या मुलाला ते कुणी शिकवायचे होते? पणजीच्या आल्तिनो टेकडीवर 1972 पासून कला महाविद्यालय आहे, तिथेच संगीत महाविद्यालयही आहे, पण मी बारावी झालो तेव्हा ध्वनीचे शास्त्र आणि आपली वाद्ये एकत्र शिकवणारा एकही वर्ग मला गोव्यात सापडला नाही. वडिलांनी कर्ज काढून मला बाहेर पाठवले. तिथे मी ड्रम्सना आठ माईक कसे लावायचे ते शिकलो. घुमटाला एक माईक कसा लावायचा हे मात्र परत आल्यावर चुका करत शिकावे लागले.

माझे आजोबा सत्तरी तालुक्यातले. शिगम्याच्या दिवसांत ते रणमाले या लोकनाट्यात उभे राहत आणि त्यांना त्यातली अनेक गाणी, म्हणजे जत, तोंडपाठ होती. ते गेले तेव्हा मी शिकत होतो. आज आमच्याकडे त्यांच्या आवाजाची एकच ध्वनिफीत आहे, शेजाऱ्याच्या मोबाईलवरची. तिच्यात जनरेटर आजोबांपेक्षा मोठ्याने ऐकू येतो. त्या वर्षी एखादा शिकलेला मुलगा दोन बऱ्या माईकांसह गावात असता, तर माझ्या मुलीला तिचे पणजोबा ऐकता आले असते. पाऊणशे श्रोत्यांच्या समारोहाने आमच्या घरासाठी काय केले, हे मला कुणीतरी सांगावे.

आणि केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर त्यांची भैरवी अवकाशात गेली. ती गेली, कारण कुणीतरी ती ध्वनिमुद्रित करून ठेवली होती.

संवादिनी, फोंडा
आजोबांबद्दल वाचून वाईट वाटले. ते नुकसान कुणीही भरून देऊ शकणार नाही. पण केसरबाईंचे उदाहरण तुमच्या बाजूने उभे राहत नाही. ती भैरवी साडेतीन मिनिटांची आहे, कारण त्या काळच्या तबकडीवर तेवढेच मावत असे. तासभर राग मांडणाऱ्या गायिकेला यंत्राच्या मापात बसावे लागले. ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकले होते त्यांनाच तबकडीत काय राहून गेले ते कळत होते. तबलावादक खाप्रुमामा पर्वतकरांच्या लयकारीच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या गोष्टी पुढे नेणारी माणसे बैठकीतच तयार झाली.

रंगपट, साखळी
तुम्ही दोघेही मूळ रोगाकडे पाहत नाही आहात. श्रोते का येत नाहीत, हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर रात्री दहा वाजता मिळते. मी चाळीस वर्षे गावोगावच्या जत्रांतून मराठी नाटके केली. आमची तिसरी घंटा मध्यरात्रीनंतर व्हायची आणि शेवटचा पडदा पडायचा तेव्हा पूर्वेला फटफटलेले असायचे. पालखी फिरायची, लोक घरी जाऊन जेवायचे, मग चटई आणि चादर घेऊन सहकुटुंब मंडपात यायचे. पोरे पहिल्या अंकात झोपायची आणि तलवारबाजीला आई त्यांना हलवून उठवायची. त्या उठलेल्या पोरांतूनच पुढचे नट, पेटीवाले आणि प्रेक्षक निघाले. आता दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद करा, असे सांगायला माणूस येतो. पाच अंकांचे नाटक दोन अंकांवर आणायचे, पदे गाळायची, आणि नंतर विचारायचे की तरुण पिढीला नाट्यसंगीत का आवडत नाही! दीनानाथ मंगेशकरांच्या भूमीत नाटकातली पदे घड्याळाकडे पाहून कापावी लागतात, हे मला सहन होत नाही.

रहिवासी, हणजूण
भाऊ, तुमच्या नाटकांबद्दल मला आदर आहे, पण दहाच्या नियमाला हात लावू नका, ही हात जोडून विनंती. आमच्या घरापासून जवळच एक पार्टीची जागा आहे. माझ्या सासऱ्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात रात्री दोन वाजता त्यांच्या खाटेजवळचा पाण्याचा तांब्या ठेक्यावर थरथरत होता. मी उठून तांब्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवला आणि पहाटेपर्यंत त्यांचा हात धरून बसले. तक्रार करायला त्या नियमाखेरीज आमच्या हातात दुसरे काही नव्हते.

रंगपट, साखळी
म्हणजे किनाऱ्यावरच्या धंद्याची शिक्षा आमच्या सातेरी देवीच्या मंडपाला? तिथे नियम मोडणाऱ्याला कुणी हटकत नाही आणि वर्षातून एकदा नाटक करणाऱ्या गावकऱ्याला मात्र ठाण्यावर बोलावतात. हा न्याय तुम्हाला पटतो?

रहिवासी, हणजूण
मला तो पटतो असे मी कुठे लिहिले? तुम्ही माझ्या तोंडी शब्द घालू नका. जत्रेचे नाटक आणि पार्टीचा गोंगाट मला वेगळा कळतो. माझे माहेर पेडण्याचे, मी दशावतारी काल्यात वाढले आहे. पण सूट एकाला मिळाली की दुसरा तिच्या आडून आत शिरतो, हे आम्ही वर्षानुवर्षे भोगतो आहोत.

वकील, मडगाव
वाद वाढतो आहे, म्हणून नियम काय आहे ते सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वापरता येत नाही, पण बंद सभागृहातला अंतर्गत वापर त्यातून वगळलेला आहे. शिवाय सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते. जत्रा गावागणिक वेगळ्या तिथीला आणि सूट मात्र मोजक्या पंधरा दिवसांची, अडचण इथे आहे. रंगपटांचा मुद्दा म्हणून अगदीच निराधार नाही. पण पहाटेपर्यंतचे ध्वनिक्षेपकावरचे नाटक सध्याच्या नियमात बसत नाही आणि ते बसते असे त्यांना कुणी सांगू नये.

रंगपट, साखळी
बसत नाही हे कळले. चाळीस वर्षांत एवढे स्पष्ट कुणी सांगितले नव्हते. पण माझे म्हणणे मी मागे घेत नाही.

तबला शिकणारी मुलगी, वाळपई
मी एकोणीस वर्षांची आहे, म्हणजे मैफलीला न येणारी पिढी ती मीच. मला यायचे असते. पणजीतला कार्यक्रम सहाचा असतो, दीपप्रज्वलन होईपर्यंत साडेसहा वाजतात, मग सत्कार, मग भाषणे, आणि मुख्य कलाकार मंचावर येतात तेव्हा मला उठावे लागते, कारण उशिरा निघाले तर वाळपईला जाणारी गाडी मिळत नाही. गेल्या मोसमात तीन मैफलींना आले आणि तिन्ही वेळा विलंबित संपायच्या आत बसस्थानकाकडे धावले. एकदा तर तबलजी पेशकार सुरू करत होते आणि मी दारात चपला शोधत होते. पाऊणशे डोकी मोजणाऱ्यांनी, अर्ध्यावर उठून जाणारे किती आणि ते का जातात, हेही एकदा मोजावे.

ध्वनिमुद्रक दादांना एवढेच सांगते की मी फोनवर ऐकून शिकते हे खरे आहे. पण डग्ग्यावर मनगट किती दाबायचे हे फोनवर दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. ते मला पहिल्या रांगेत बसल्यावर कळले.

संवादिनी, फोंडा
बाय, आयोजकांत मीही मोडते, आणि आमच्या कार्यक्रमांतही सत्कार लांबतात. वाळपईच्या गाडीचा विचार आम्ही एकदाही केला नाही. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

ध्वनिमुद्रक, पर्वरी
मग सभागृहांचेही बोलूया. पणजीतल्या कांपालची कला अकादमी 2021 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाली, जुलै 2023 मध्ये तिथल्या खुल्या रंगमंचाच्या छताचा भाग कोसळला, नोव्हेंबरमध्ये वास्तू पुन्हा खुली झाली आणि त्यानंतर ध्वनी-प्रकाशाच्या तक्रारींवरून कलाकार रस्त्यावर उतरले. चार्ल्स कोरियांच्या त्या वास्तूविषयी प्रत्येक गोंयकाराला बोलायचे असते, पण तिथल्या ध्वनीचे मोजमाप करून ते वाचू शकणारी गोमंतकीय मुले किती आहेत? आम्ही शिक्षण मागतो ते यासाठी. मी स्वतः एका सभागृहात, नाव सांगत नाही, मैफलीचा आवाज सांभाळायला गेलो होतो. तानपुऱ्याचा आवाज जरा वर घेतला की शिट्टी, खाली घेतला की गायिका वळून माझ्याकडे पाहायची. शेवटी मी मंचावरचे दोन्ही मॉनिटर बंद केले, तिच्याजवळ गेलो आणि म्हटले, ताई, तुम्ही नुसता तानपुरा ऐका, बाकी माझ्यावर सोडा. ती गायली, आणि चांगली गायली. पण हे मला कुठल्या वर्गात शिकवले नव्हते, आणि खरे सांगायचे तर कुठल्या मैफलीतही नाही. शेकडो कार्यक्रमांत राबून ते हाताला लागले.

संवादिनी, फोंडा
ते शेकडो कार्यक्रम झाले म्हणूनच तुमच्या हाताला लागले. समारोहच नसते, तर तुम्ही चुका कुठे केल्या असत्या?

ध्वनिमुद्रक, पर्वरी
हे मान्य करावे लागते, आणि मनाविरुद्ध मान्य करतो. अनुदान तोडा, असे मी यापुढे म्हणणार नाही. पण अनुदान घेणाऱ्या प्रत्येक आयोजकाने दोन विद्यार्थ्यांना ध्वनियंत्रणेवर बसू द्यावे आणि झालेल्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत सार्वजनिक संग्रहात ठेवावी, ही अट घालावी असे म्हणेन. नाहीतर पुढची पिढीही जनरेटरच ऐकत बसेल.

तबलजी, डिचोली
सार्वजनिक संग्रह म्हणजे उद्या कुणीही ते महाजालावर टाकणार. माझ्या गुरुजींच्या एका खासगी बैठकीतले वादन कुणीतरी न विचारता प्रसारित केले. त्या रात्री त्यांना ताप होता आणि एक तिहाई चुकली होती. आता त्यांचे नाव शोधणाऱ्याला आधी तीच तिहाई सापडते. कलाकाराच्या लेखी परवानगीशिवाय एकही प्रत बाहेर जाता कामा नये.

ध्वनिमुद्रक, पर्वरी
लेखी परवानगी हवीच. हेही त्याच वर्गात शिकवले पाहिजे.

संवादिनी, फोंडा
अट मला चालेल, पण माझीही एक अट आहे. येणाऱ्या विद्यार्थ्यांनी कार्यक्रमाच्या दोन तास आधी यावे, यंत्रे पेटीतच ठेवावीत आणि तानपुरे लागेपर्यंत कानाला काहीही न लावता गायकाच्या शेजारी बसावे. माईक त्यानंतर. पुढच्या महिन्यात फोंड्याला आमची सकाळची बैठक आहे. ती दहाला सुरू होईल आणि दुपारी एकला संपेल, म्हणजे वाळपईची गाडी चुकणार नाही. सत्कार ठेवलेला नाही. मुलांना आठला पाठवा.

रंगपट, साखळी
सकाळचीच बैठक असेल तर दहाच्या नियमाची भीती नाही. नातवाला घेऊन मीही येतो. चटई घरूनच आणतो.