उबुंटूवर कंट्रोल+स्पेस एडिटरपर्यंत पोहोचतच नाही

रंकाळा_कोड
उबुंटू लिनक्स, कोड लिहायला व्हीएस कोड हा एडिटर, मराठीसाठी एफसीआयटीएक्स-५ हा भाषा बदलणारा प्रोग्राम आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड. कोल्हापूरच्या केएमटी बसच्या थांब्यांचं ॲप आहे, त्यामुळे बिंदू चौक, रंकाळा अशी नावं कोडमध्येच देवनागरीत लिहावी लागतात. कंट्रोल+स्पेस दाबलं की पुढचा कोड सुचवणारी सूचनांची यादी येत नाही, भाषाच बदलते. शॉर्टकटच्या पानावर 'ट्रिगर सजेस्ट'ला (ही यादी उघडणाऱ्या आज्ञेला) बटणांची तीच जोडी परत नेमली, फरक शून्य. टेस्ट चालवायला कंट्रोल+ऑल्ट+टी दिलं, तर टर्मिनल उघडतो. एडिटरला पहिला मान कसा मिळेल?

पंचगंगा_घाट
मिळत नाही भावा. दाबलेलं बटण आधी डेस्कटॉपकडे जातं, मग भाषा बदलणाऱ्या प्रोग्रामकडे. तिथून सुटलं तरच एडिटरच्या हाती लागतं. आधी खात्री कर: एफ१ दाबून 'टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग' चालू कर आणि कंट्रोल+स्पेस दाब. खाली आउटपुटमध्ये स्पेसची ओळ उमटली नाही, तर बटण बाहेरच अडलंय.

इलाज एफसीआयटीएक्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये. ग्लोबल ऑप्शन्समध्ये 'ट्रिगर इनपुट मेथड'समोरचं कंट्रोल+स्पेस काढ. बदली जोडी मात्र जपून निवड. कंट्रोल+शिफ्ट+स्पेसवर फंक्शनच्या पॅरामीटरची माहिती येते, तीही गमावशील. नुसतं शिफ्ट+स्पेस टाइप करताना चुकून दाबलं जातं. सुपर (विंडोजचं बटण)+स्पेस बरं, पण ते उबुंटूच्या डेस्कटॉपनं, म्हणजे ग्नोमनं धरलंय. सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट, टायपिंग इथं 'स्विच टू नेक्स्ट इनपुट सोर्स' उघडून बॅकस्पेस दाबलं की मोकळं होतं.

जोतिबा_डोंगर
कंट्रोल+ऑल्ट+टी उबुंटूत टर्मिनलसाठीच राखीव आहे. काढता येतं, पण काढू नये असं माझं स्पष्ट मत. एडिटर अडकला की तेच कामी येतं. शिवाय टेस्टसाठी व्हीएस कोडमध्ये मुळातच सोय आहे: कंट्रोल+अर्धविराम, मग ए म्हणजे सगळ्या टेस्ट, सी म्हणजे कर्सरजवळची.

रंकाळा_कोड
सुपर+स्पेस जमलं, सूचना येताहेत. पण कंट्रोल+अर्धविरामानं कॉपी केलेल्या मजकुराची यादी उघडते.

पंचगंगा_घाट
तीही एफसीआयटीएक्सचीच. ॲडऑन्समध्ये क्लिपबोर्ड उघड आणि 'ट्रिगर की' रिकामी कर.

यापुढं स्वतःची जोडी नेमताना 'व्हेन'ची, म्हणजे ती कुठं चालावी याची अट जरूर घाल. फक्त कोड लिहिताना हवी असेल, तर 'एडिटर टेक्स्ट फोकस'. अट नसलेली जोडी शोधपट्टीत आणि साइडबारमध्येही चालते, आणि तिथलं मूळ काम दडपतं. शॉर्टकटचे नियम खालून वर तपासले जातात, तुझे सगळ्यात शेवटी जोडलेले असतात, म्हणून जुळले की तेच जिंकतात.

जोतिबा_डोंगर
लॅबमध्ये ब्राउझरमधला व्हीएस कोड वापरत असाल, तर कंट्रोल+डब्ल्यू, टी, एन यांच्या नादाला लागू नका. त्या जोड्या ब्राउझर एडिटरसाठी सोडत नाही, आणि डब्ल्यूनं अख्खा टॅब बंद होतो.