इंग्रजीत ‘चेकोस्लोव्हाकिया’ कधी लिहावे आणि ‘चेकिया’ कधी?

मुद्रितशोधक

एका तांत्रिक परिषदेच्या इंग्रजी स्मरणिकेची मुद्रिते नुकतीच माझ्याकडे होती. त्यात एका पाहुण्या अभियंत्याच्या परिचयात ‘जन्म १९७४, ब्रातिस्लावा, चेक रिपब्लिक’ असे छापले होते आणि माझ्या नजरेतून ते सुटले. पाहुण्यांकडून तपासून आलेल्या प्रतीत शेवटचे दोन शब्द पेन्सिलने खोडून वर ‘चेकोस्लोव्हाकिया’ लिहिलेले होते आणि त्या शब्दाखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. त्या दोन रेघा पाहून मला फार ओशाळल्यासारखे झाले, कारण ब्रातिस्लावा ही स्लोव्हाकियाची राजधानी आहे आणि ते शहर चेक रिपब्लिक या देशात कधीही नव्हते.

माझे मत असे आहे की, इंग्रजीत लिहिताना वर्ष पाहून नाव लिहावे. २८ ऑक्टोबर १९१८ रोजी स्थापन झालेले आणि ३१ डिसेंबर १९९२च्या मध्यरात्री संपलेले राज्य म्हणजे चेकोस्लोव्हाकिया. १ जानेवारी १९९३ पासून तिथे दोन देश आहेत, आणि त्यांपैकी पश्चिमेकडच्या देशाला ‘चेकिया’ म्हणावे. २०१६ साली तिथल्या सरकारने हेच इंग्रजी लघुनाव मान्य केले, ते त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीतही गेले आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ याच नावाने उतरला. ज्याचे नाव त्याने सांगितले आहे, त्याला ते नाव देण्यात आपली कसली अडचण असावी?

सोपी भाषा

ब्रातिस्लावाची चूक ही चूकच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ‘चेकिया’चा आग्रह मला पटत नाही. १९९३ नंतर दोन दशकांहून अधिक काळ त्या देशाने जगासमोर ‘चेक रिपब्लिक’ हेच नाव ठेवले, ते आजही त्यांचे अधिकृत पूर्ण नाव आहे, आणि चेक भाषेतले ‘चेस्को’ हे लघुनाव (‘चेकिया’ हे त्याचेच इंग्रजी रूप) खुद्द त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनाही आवडत नव्हते. देशाच्या पूर्वेकडच्या मोराव्हियातल्या अनेकांना त्या शब्दात आपला प्रदेश वगळल्यासारखा वाटतो. ज्या नावावर घरातच एकमत नाही, ते इंग्रजी लिहिणाऱ्यांनी घाईने का उचलावे? आपण जर्मनीला जर्मनीच म्हणतो, तिथल्या लोकांचा शब्द वापरत नाही, आणि त्यात कुणाचा अपमानही होत नाही. शिवाय ‘चेकिया’ आणि रशियातला ‘चेचन्या’ हा प्रदेश यांत गोंधळ होतो. २०१३च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील स्फोट घडवणारे चेचेन वंशाचे होते, तेव्हा अमेरिकेतल्या चेक राजदूतांना, आपला देश वेगळा आणि चेचन्या वेगळा, असे निवेदन काढावे लागले होते.

मुद्रितशोधक

बॉस्टनचे उदाहरण तुमच्या बाजूने जात नाही. २०१३ साली ‘चेकिया’ हे नाव फारसे कुणी वापरतच नव्हते, आणि लोकांनी चेचन्याशी घोळ घातला तो ‘चेक रिपब्लिक’ या नावाच्या देशाचा. तो भूगोलाच्या अज्ञानाचा परिणाम होता.

‘चेक रिपब्लिक’ चूक आहे असे मी म्हणत नाही. करारपत्रात ते जरूर लिहावे. पण ज्या तक्त्यात फ्रान्स, पोलंड आणि स्लोव्हाकिया अशी छोटी नावे एकाखाली एक येतात, तिथे एकट्याच देशाचे लांबलचक नाव कशासाठी? जर्मनीबद्दल म्हणाल, तर जर्मन सरकार स्वतःच इंग्रजीत ‘जर्मनी’ लिहिते. इथेही संबंधित सरकारनेच इंग्रजी शब्द सुचवला आहे.

ब्रातिस्लावातून

मी नोकरीनिमित्त काही वर्षे इथे राहतो, म्हणून मूळ लेखकांना एक विरोध नोंदवतो. ‘वर्ष पाहून नाव लिहावे’ हा नियम वाटतो तितका सरळ नाही.

१९९० साली, साम्यवादी राजवट जाऊन काही आठवडेच झाले असताना, राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी नावातला ‘समाजवादी’ हा शब्द काढण्याचा प्रस्ताव मांडला. काम एका दिवसाचे वाटले होते, पण स्लोव्हाक प्रतिनिधींनी ‘चेको’ आणि ‘स्लोव्हाकिया’ यांच्यामध्ये संयोगचिन्ह हवे अशी मागणी केली, कारण सलग शब्दात आपण विरघळून जातो असे त्यांना वाटत होते. चेक लोकांना ते चिन्ह नकोसे होते, कारण सीमाभाग जर्मनीला देणाऱ्या १९३८च्या म्युनिक करारानंतर लचके तोडल्या गेलेल्या देशाचे नाव असेच चिन्ह घालून लिहिले जात होते. मार्चमध्ये असा तोडगा निघाला की, चेक भाषेत चिन्हाशिवाय आणि स्लोव्हाक भाषेत चिन्हासह लिहावे. तो कुणालाच रुचला नाही. एप्रिलमध्ये ‘चेक आणि स्लोव्हाक संघीय प्रजासत्ताक’ हे नाव ठरले, आणि कोणताही शब्द धाकटा दिसू नये म्हणून दोन्ही भाषांच्या शुद्धलेखनाचे नियम बाजूला ठेवून त्यातला प्रत्येक मुख्य शब्द मोठ्या अक्षराने लिहिला गेला. हा वाद एका आडव्या रेघेचा होता, पण त्यानंतर तीन वर्षांच्या आत ते राज्य उरले नाही.

मला खरी बोच आहे ती ‘चेक’ या विशेषणाची. १९६८च्या सुधारणांचे नेते अलेक्झांडर डुबचेक हे स्लोव्हाकियातल्या उह्रोवेत्स गावी जन्मलेले स्लोव्हाक होते, तरी इंग्रजी लिखाणात त्यांना सर्रास ‘चेक नेते’ म्हटले जाते. इथे माझ्या शेजारच्या आजोबांसमोर मीही एकदा तसे बोलून गेलो. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि मला शांतपणे म्हणाले, “आमचा होता तो.”

सोपी भाषा

विशेषणाचा मुद्दा मान्य आहे. पण मग यान झेलेझ्नीचे काय करायचे? भालाफेकीत १९८८चे रौप्य आणि १९९२चे सुवर्ण त्याने चेकोस्लोव्हाकियासाठी मिळवले, तर १९९६ आणि २०००ची सुवर्णपदके चेक रिपब्लिकसाठी. २०२४ साली तो नीरज चोप्राचा प्रशिक्षक झाला, तेव्हा वाचकाला ‘चेक भालाफेकपटू’ एवढे पुरले.

मुद्रितशोधक

तो माणूस चेक आहे, म्हणून त्याला तसे म्हणणे बरोबरच आहे. पदकांच्या तक्त्यात मात्र बार्सिलोनाचे सुवर्ण चेकोस्लोव्हाकियाच्या नावापुढेच राहिले पाहिजे. १९९० ते १९९२ या काळाबद्दलची दुरुस्ती मी स्वीकारतो. पूर्ण नाव द्यायचे असेल, तर त्या वर्षांसाठी संघीय प्रजासत्ताकाचेच नाव लिहायला हवे.

ब्रातिस्लावातून

मग हेही सांगा. त्याच आजोबांचा जन्म १९४१ साली कोशित्से शहरात झाला. १९३८च्या अखेरीपासून १९४५ पर्यंत ते शहर हंगेरीकडे होते. तुमच्या नियमाने त्यांच्या परिचयात हंगेरी लिहावे लागेल, आणि ते त्यांना मुळीच चालणार नाही.

मुद्रितशोधक

तिथे मी ‘कोशित्से, आजच्या स्लोव्हाकियात’ असे लिहीन, आणि छापण्याआधी ती ओळ त्यांना वाचून दाखवीन.

सोपी भाषा

मग परिचयात तेवढेच सगळीकडे का लिहू नये? माझे म्हणणे पहिल्यापासून हेच होते.