'व्हेजिटेबल लव्ह'ला मराठीत काय म्हणावं?

बोरू: सतराव्या शतकातला इंग्रजी कवी अँड्र्यू मार्व्हेल याच्या 'टू हिज कॉय मिस्ट्रेस' (लाजऱ्या प्रेयसीस) या कवितेचा अनुवाद करतोय. वेळ अमाप असता तर माझं 'व्हेजिटेबल लव्ह' साम्राज्यांहून विशाल आणि त्यांच्याहून संथ वाढलं असतं, असं तो म्हणतो. 'वनस्पतीप्रेम' लिहिलं की बागेची आवड वाटते. सुचवा.

जुना कोश: भाजीचा अर्थ मनातून काढा. कविता छापली गेली 1681 साली, कवी गेल्यावर तीन वर्षांनी. तेव्हा त्या शब्दामागे ॲरिस्टॉटलचे तीन जीव होते: वनस्पतीचा, प्राण्याचा, माणसाचा. पहिल्याकडे पोषण, वाढ आणि प्रजनन एवढंच. संवेदना नाही, विचार नाही. म्हणून 'उद्भिज प्रेम', उद्भिज म्हणजे जमीन फोडून उगवणारं.

मात्रावृत्त: अजिबात नको! जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज ही जन्माच्या प्रकारांची वर्गवारी आहे, जीवशक्तीची नव्हे. शिवाय लय बघा. मूळ ओळ आठ अक्षरांची, त्यातली चार एकटा 'व्हेजिटेबल' घेतो. ओळच रेंगाळते, आणि ते रेंगाळणंच अर्थ आहे. 'झाडाच्या चालीनं वाढेल प्रीती' असं काहीतरी करा. कोशातला शब्द कवितेत दगडासारखा पडतो.

जुना कोश: मग ॲरिस्टॉटल गेलाच की! झाडाची चाल म्हणजे नुसता संथपणा.

सांजपान: त्याहून मोठी अडचण पुढं आहे. पाठीशी येणारा पंखांचा रथ 'टाइम'चा आहे. 'काळाचा रथ' म्हटलं की मराठी वाचकाला यम दिसतो. कवितेत आधी काळ पाठलाग करतो, थडगं नंतर येतं. 'वेळेचा रथ' करावं तर वेळ घड्याळातली वाटते.

मात्रावृत्त: 'काळ'च ठेवा. शेवटाकडे त्या काळालाच 'स्लो-चॅप्ड' म्हटलंय, चॅप म्हणजे जबडा. 'काळाची दाढ' आपल्याकडे तयारच आहे.

सांजपान: पण आपली दाढ झडप घालते. गाडी दरीत कोसळली की माणसं 'काळाच्या दाढेत' जातात. गीतेच्या अकराव्या अध्यायातही योद्धे त्या कराल दाढांत 'त्वरमाणा:', घाईनं शिरतात. मार्व्हेलचा काळ सावकाश चघळतो. म्हणून तर कवी प्रेयसीला म्हणतो, असं झिजत पडण्यापेक्षा आपणच काळाला एका दमात गिळू. 'संथ' शब्द सुटला तर हा युक्तिवादच कोसळतो.

जुना कोश: 'संथ दाढांचा काळ' चालेल. रथाला मात्र 'समय'.

मात्रावृत्त: 'समय' ऐकला की समई आठवते. 'काळ'च!

बोरू: दाढ घेतो. 'व्हेजिटेबल' अजून तसाच आहे.