अपेव्हनला एअर कॅडेट म्हणून कुणी ग्लायडिंग केलंय का?

मेघना_स्विंडन
लेक एअर कॅडेट्समध्ये आहे, म्हणजे इथल्या ब्रिटिश हवाई दलाच्या मुलामुलींच्या संघटनेत. पुढच्या महिन्यात विल्टशायरमधल्या अपेव्हनच्या मैदानावर पहिल्यांदा ग्लायडरमध्ये बसणार. तिचे पाय जमिनीवर नाहीत आणि माझ्या पोटात गोळा. भारतात आईला सांगितलं तर म्हणाली, "बिनइंजिनाचं विमान? कशाला गं?" आपल्यापैकी कुणी तिथे उडलंय का? दिवसभर ही मुलं तिथे करतात तरी काय?

नदीकाठचा
मेघनाताई, तुमची पोस्ट वाचून फार बरं वाटलं. १९८२ च्या उन्हाळ्यात मी तिथे होतो. वडील तेव्हा सॉल्सबरीला डॉक्टर होते. गाव खाली एव्हन नदीकाठी आणि मैदान वर, सॉल्सबरी प्लेन या पठाराच्या कडेला. १९१२ साली सेंट्रल फ्लाइंग स्कूल, लष्करी वैमानिक घडवणारी शाळा, इथेच सुरू झाली. त्या गवतावर पाय ठेवताना सोळा वर्षांच्या पोराला काय वाटलं असेल बघा.

आमच्या वेळी सेडबर्ग नावाचं ग्लायडर होतं. लाकूड आणि कापडाचं, वरून उघडं, मास्तर शेजारच्या सीटवर. वर जायचं ते विंचने: मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तार गुंडाळणारं इंजिन, मध्ये लांबलचक तार. एक कॅडेट पंखाचं टोक हातात धरून उभा. दुसरा हातातली इशाऱ्याची बॅट खाली हलवतो, तेव्हा गवतात पडलेली तार हळूहळू सरळ होते. ती ताणली गेली की "ऑल आउट!", म्हणजे आता जोरात ओढा, बॅट डोक्यावर फिरते आणि दोन-चार क्षणांत पाठ सीटला चिकटून समोर फक्त आभाळ. वर पोचल्यावर नाक खाली घ्यायचं, पिवळी मूठ ओढायची. खट्कन आवाज होतो, तार सुटते. मग फक्त वारा. वेग कमी झाला की त्याचा सूर उतरतो, वाढला की चढतो. मास्तर म्हणायचे, वेगाच्या काट्याकडे काय बघतोस, ऐक.

उड्डाण जेमतेम काही मिनिटांचं. बाकी दिवसभर मैदान आम्हीच चालवायचो. उतरलेलं ग्लायडर ढकलत आणायचं, वाऱ्याने उलटू नये म्हणून पंखावर जुना टायर ठेवायचा, प्रत्येक उड्डाणाची वेळ वहीत लिहायची. पंख धरणाऱ्याला काही खटकलं तर त्याच्या एका "स्टॉप"वर सगळं थांबायचं, मग आत बसलेला अधिकारी कितीही मोठा असो. घरी मला साधी गॅसची शेगडी लावू देत नव्हते आणि इथे हा भरवसा! मला अपेव्हन सगळ्यात जास्त आवडलं ते यासाठी.

एकट्याने जायच्या दिवशी मास्तर उतरले, त्यांच्या सीटचे पट्टे नीट बांधून ठेवले आणि "आता हलकं झालंय, भराभर चढेल" एवढंच म्हणाले. खरंच चढलं. वरून प्यूझीचं खोरं, पिवळी शेतं, शेजारी रिकामी सीट. मी मोठ्याने मराठीत बोलत होतो, वेग, उंची, वळण, सगळं.

हडपसरकर
वा! आमच्या हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरही विंच आणि तारच. आपल्याकडे बनलेलं 'रोहिणी' पण असंच, दोघं शेजारीशेजारी. १९६१ साली पहिल्यांदा उडालं ते. मेघनाताई, आईंना सांगा, इंजिन नसलं तरी तारेवरून सुटल्यावर ते दगडासारखं पडत नाही, उतारावरून घसरल्यासारखं सावकाश खाली येतं.

मेघना_स्विंडन
दोघांचेही आभार. नदीकाठचा, तुमचं उत्तर लेकीला वाचून दाखवलं. तिला पहिला प्रश्न पडला, अजूनही उघडंच असतं का?

नदीकाठचा
नाही, आता वायकिंग नावाचं ग्लायडर आहे. फायबरचं, वर पारदर्शक झाकण, मास्तर मागच्या सीटवर. मध्ये २०१४ साली सगळ्या कॅडेट ग्लायडर्सची उड्डाणं थांबवली होती, विमानांच्या देखभालीच्या कागदपत्रांवरून. पुढे पुनर्रचनेत कितीतरी केंद्रं बंद झाली. कित्येक मुलांची ती वर्षं कोरडी गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. अपेव्हन वाचलं. तिथे जूनमध्येही वारा झोंबतो, तेव्हा जाड मोजे आणि कानटोपी द्याच. डबा जरा जास्त भरा, ढकलून ढकलून भूक लागते. आणि तिला सांगा, पंख धरायला कोण येतंय असं विचारलं की पहिला हात तिचा वर हवा.