परतलेले परागंदा : ‘पुनर्वसन’ म्हणावे की ‘सामावून घेणे’?

विचारणा : नामिबिया २१ मार्च १९९० रोजी स्वतंत्र झाला. त्याआधी, जून १९८९ पासून, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली ४० हजारांहून अधिक नामिबियन अंगोला, झांबिया आदी देशांतून मायदेशी परतले. त्यांना ‘निर्वासित’ म्हणावे का, आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय लागण्याला ‘पुनर्वसन’ हा शब्द चालेल का?

प्रतिसाद : ‘निर्वासित’ म्हटले की आपल्या कोल्हापुरात गांधीनगर डोळ्यांसमोर येते. वळिवड्याच्या ज्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात पोलंडचे लोक राहिले, तिथेच पुढे फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबे आली आणि त्यांनी कापडाची घाऊक पेठ उभी केली. पण ती नव्या मुलखात आली होती, परतली नव्हती. ‘हद्दपार’ होण्यास हुकूम लागतो, तर नामिबियातील बहुतेक जण दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीला कंटाळून आपणहून सीमा ओलांडून गेले होते. म्हणून ‘परागंदा’ हाच शब्द मला योग्य वाटतो.

‘पुनर्वसना’ला मात्र माझी हरकत आहे. धरणग्रस्तांच्या लढ्यांमुळे या शब्दाला जमीन, भूखंड, गावठाण असा ठाम अर्थ चिकटला आहे. नामिबियात परतलेल्यांपैकी अनेकांना नातलगांचे छप्पर मिळाले. अडले ते कामापाशी. क्यूबा किंवा पूर्व जर्मनीत शिकून आलेल्यांच्या प्रमाणपत्रांना मान्यता मिळवण्यापासून सुरुवात होती. राजभाषा इंग्रजी झाली तरी अनेक मालकांचा व्यवहार आफ्रिकान्स या जुन्या राजवटीच्या भाषेतच चाले. मोठी शेती आणि उद्योग प्रामुख्याने गोऱ्यांच्या हाती होते. आणि राज्यघटनेने जुन्या सरकारी नोकरांना संरक्षण दिल्यामुळे तिथेही जागा बेताच्याच होत्या. स्वातंत्र्यलढ्यातील माजी लढवय्यांना शेती व बांधकाम शिकवणारी विकास पथके निघाली, तरीही १९९८ मध्ये बेकार लढवय्ये रस्त्यावर उतरले आणि त्यानंतरच सरकारने अनेकांना नोकऱ्या दिल्या.

‘प्रकल्पग्रस्तांच्या वारसांना नोकरीत सामावून घ्या’ ही मागणी आपण निवेदनांत नेहमी वाचतो. हे क्रियापद मला मोलाचे वाटते, कारण ते वापरताच ‘कोणी सामावून घ्यायचे?’ हा प्रश्न विचारावाच लागतो.

आणखी एक प्रतिसाद : सहमत आहे. शीर्षकात संज्ञा हवीच असेल तर ‘आर्थिक पुनःसमावेशन’ वापरावे. मजकुरात मात्र ‘परतलेल्या परागंदांना सरकारी सेवेत सामावून घेतले’ असे कर्ता स्पष्ट होईल अशा रीतीने लिहावे आणि ‘पुनर्वसन’ हा शब्द घर-जमिनीपुरताच राखून ठेवावा.